गुरुवारचं धुकं

आमच्या घरात माझ्याकडे नेमून दिलेलं एकच काम होतं. संध्याकाळी पप्पा कामावरून आले की त्यांच्या फोनवरचं स्टिकर काढायचं. चाकणच्या ज्या कंपनीत ते होते तिथला गेटवरचा वॉचमन आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक छोटं गोल स्टिकर लावायचा, पुढून एक, मागून एक, म्हणजे आतले फोटो कुणी काढू नयेत. सोमवारी पिवळं, मंगळवारी हिरवं, बुधवारी नारिंगी, असे वारांचे रंग ठरलेले होते. सुटल्यावर बाकीची मंडळी बसमध्ये बसल्या बसल्या ते नखानं उपटून खिडकीतून भिरकावून देत. पप्पा मात्र ते तसंच घरी आणत. कंपनीनं लावलेलं कंपनीच्या बसमध्ये काढायचं नाही, असा त्यांचा स्वतःचाच एक कायदा होता. चपला दारात, डब्याची पिशवी आईकडे आणि फोन माझ्याकडे. मग मी स्टिकरवर तोंडाची वाफ सोडायची, कड उचलायची, हळूहळू सोलायचं, राहिलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचा आणि जुन्या सुती ओढणीनं भिंग लख्ख करायचं. निघालेली स्टिकरं मी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून ओळीनं चिकटवून ठेवत असे. का, ते विचारू नका, त्या वयात माणूस काहीही जमवतो. आई म्हणायची, "लोकांच्या कपाटात देवाचा फोटो असतो, आपल्या कपाटात कंपनीच्या टिकल्या."

पप्पा तपासणीला होते. गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट रंगवून वाळवून ट्यूबलाइटांच्या झगझगीत रांगेखाली येत, आणि पप्पा मान तिरकी करून, उजेड पत्र्यावरून घसरत जाऊ देऊन, त्यातला केसाएवढा ओरखडा शोधून काढत. ओरखडा सापडला की लाल मार्करनं त्याच्याभोवती गोल. नाही सापडला की मागच्या कागदावर ओकेचा शिक्का, त्यात त्यांचा नंबर, एकोणीस. सतरा वर्षं हेच. त्यामुळे घरातही ते सरळ मानेनं काही बघतच नसत. पेरू असो, नवीन पातेलं असो, माझी प्रगतिपुस्तकं असोत, सगळं आधी तिरकं व्हायचं. चिखलीच्या आठवडी बाजारात भांडीवाली त्यांना लांबून येताना बघूनच म्हणायची, "आले बगा पोलिस." आणि आईला या नजरेचा भलता अभिमान. लातूरकडून आम्ही इकडे आलो तेव्हा पप्पा वेल्डिंगला होते, आणि या नजरेच्या जोरावर ते ठिणग्यांतून उठून ट्यूबांखाली गेले, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आठवड्याचे तांदूळ निवडायचं काम म्हणूनच पप्पांचं होतं. गुरुवारी सकाळी दारात चटई टाकून ते परात मांडीवर घेत, आणि खडा स्टीलच्या वाटीत पडला की टिण् असा आवाज होई. तो आवाज आला की मला कळायचं, आज सुट्टी आहे.

गुरुवारी सुट्टी, कारण आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाचा रविवार आणि आमचा गुरुवार, यामुळे आमची माणसं जगापासून थोडी बाजूलाच पडलेली असत. त्या बाजूला पडण्यातूनच 'रोजचं' हा फोटोवाल्यांचा ग्रुप निघाला असावा. आम्ही तळवड्यात ज्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो ते नाना, म्हणजे गावातले मूळचे शेतकरी, त्यांच्या दिवाणखान्यात महिन्यातून दोन गुरुवारी तो भरायचा. जमिनी गेल्या, त्या जागी शेड उभ्या राहिल्या, आणि नानांच्या भिंतीवर भिंतीएवढा टीव्ही आला. त्या टीव्हीवर फोटो लावायचे आणि खाली सतरंजीवर बसून भेळ खायची. ग्रुप चालवायच्या सबनीस मॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. त्यांचे नियम कडक होते. सूर्यास्त नाही, पक्षी नाहीत, देवळाचा कळस नाही. जे रोज दिसतं त्याचाच फोटो, आणि ज्यानं काढला त्यानं उभं राहून त्यामागची गोष्ट सांगायची, ती खरीच हवी. बसचा कंडक्टर, एक नर्स, सलूनवाला असे आठ-दहा जण यायचे. नाना स्वतः दर वेळी आपल्या दोन म्हशींपैकी एकीचा फोटो आणायचे आणि गोष्ट सांगायचे, "ही म्हस हाय." मॅडम म्हणायच्या, "नाना, गोष्ट?" नाना म्हणायचे, "आवं, दूध देती. आणि काय गोष्ट पायजे?"

पप्पांचे फोटो तेव्हा अगदी साधे असायचे. कुणी नावं ठेवायचं नाही आणि कुणी थांबून बघायचंही नाही. सगळं स्वच्छ, काठोकाठ नीट, पत्र्यासारखं. मग माझी बारावी आली. क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, आणि संध्याकाळी ते वाफ-तेल-ओढणीचं काम जिवावर यायला लागलं. मी स्टिकर खस्सकन ओढायला लागले. ते ओढलं की त्याची मधली कपची फाटून भिंगावर राहायची, नाहीतर गोंदाचा पातळ थर तरी. पप्पांनी एकदा आईचा फोटो काढला, कुकरची शिट्टी होताना वाकलेली, आणि तो आला धूसर. आईचा चेहरा वाफेत विरघळल्यासारखा, खिडकीचा उजेड पसरलेला. नानांच्या टीव्हीवर तो लागला तेव्हा मॅडम चष्मा काढून परत लावत्या झाल्या. म्हणाल्या, "गोविंदराव, ही वाफ दिसत नाहीये, जाणवतेय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा लाजले. तो माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला.

मला ठाऊक होतं ती वाफ कसली ते. वाफ जराशी होती, बाकी सगळा गोंद. आणि आता जे लिहिते आहे ते मी फार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं: पुढच्या वेळेपासून मी गोंद मुद्दाम ठेवला. आधी आळस होता, आता लबाडी झाली. पप्पांचा फोटो लागला की लोक पुढे सरकून बसतात, हे मला हवंहवंसं वाटायला लागलं होतं. विशेषतः त्या दिवसांत, कारण घरात पप्पा गप्प गप्प असायचे. कंपनीत नवीन ट्यूबा बसवल्यात, त्या बेकार आहेत, असं ते जेवताना म्हणायचे. त्यांनी ओके दिलेल्या मालात ओरखडे सापडून तो परत आल्याचं एकदा आईशी बोलताना मी ऐकलं. "ट्यूबाच तसल्या," पप्पा म्हणाले. आईनं त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.

मग तो कुत्र्याचा फोटो. आमच्या घरापासून थोडं पुढे, मोठ्या रस्त्याला, कंपनीच्या बसचा थांबा होता. थांबा म्हणजे काय, एक चहाची टपरी आणि समोर डांबरावर तेलाचा काळा डाग, बस रोज नेमकी तिथेच उभी राहायची म्हणून पडलेला. सहा दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसायची. गुरुवारी एक भुरं कुत्रं बरोबर त्या डागावर येऊन चारी पाय पसरून झोपायचं. बाकीचे सहा दिवस ते तिकडे फिरकतही नसे. कुत्र्याला वार कळतो, यावर टपरीवाल्याची आणि पप्पांची कायम चर्चा चालायची. त्या गुरुवारी आम्ही दोघं नानांच्या गोठ्यातून दूध घेऊन येत होतो, थंडीचे दिवस होते, नऊ वाजले असतील. पप्पांचा पाय जवळजवळ त्या कुत्र्यावर पडला. मी त्यांचा दंड धरून ओढलं. ते हसले, चार पावलं मागे गेले आणि फोटो काढला. ऊन इतकं छान होतं की मी शाल काढून हातावर घेतली होती. हे मला पक्कं आठवतं. हे आठवणं पुढे मला फार महागात पडलं.

पुढच्या गुरुवारी मी कॉलेजला दांडी मारून नानांकडे गेले. पप्पांचा फोटो लागणार होता आणि मॅडमनी तो आधीच फोनवरच्या ग्रुपवर बघून वाचनालयाच्या हॉलमधल्या प्रदर्शनासाठी निवडला होता, एवढंच नव्हे तर त्याची मोठी प्रतही करून आणली होती. टीव्हीवर तो आला. ढगात झोपल्यासारखं कुत्रं, मागे टपरी असून नसल्यासारखी. नर्सबाई "अगं बाई" म्हणाल्या. पप्पा उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि गोष्ट सांगायला लागले.

"मागच्या गुरुवारची गोष्ट आहे. दूध आणायला गेलतो. धुकं असं की समोरचा माणूस ओळखू येईना. हे लेकरू बरोबर होतं म्हणून बरं, नाहीतर माझा पाय पडला असता कुत्र्यावर. मला ते दिसलंच नाही. एकदम पायाशी आल्यावर दिसलं. मला वाटलं, अख्खी वसाहत धुक्यात गेली, कंपन्या गेल्या, बस गेली, आणि एवढं एक कुत्रं तेवढं मागं राहिलं."

मी गोंधळले. गोंधळले हा शब्दही कमी पडतो. माझे पप्पा खोटं बोलत नसत. बसचा कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर त्याला हाक मारून तिकीट घेणारा माणूस. तो उभा राहून सगळ्यांसमोर नसलेलं धुकं सांगत होता, आणि इतकं मनापासून सांगत होता की मला माझीच शंका यायला लागली. होतं का धुकं? मी शाल काढली होती ती त्याच दिवशी ना? की मॅडमनी एवढं कौतुक केलं म्हणून पप्पांनी फोटोला शोभेल अशी गोष्ट जुळवली? मला काही सुधरेना. हातातली भेळ तशीच मऊ पडली.

"आरं गोविंदराव," नाना म्हणाले, "मागच्या गुरवारी कुठलं धुकं? तुमी दूध न्यायला आला तवा मी म्हशी धूत हुतो. पाठ भाजत हुती माझी उन्हानं."

"नाना, धुकं होतं," पप्पा शांतपणे म्हणाले.

"न्हाई वो. आणि ही बगा की," नाना उठून टीव्हीजवळ गेले आणि कुत्र्याच्या पोटाखाली बोट ठेवलं. "सावली हाय. कुत्र्याची सावली पडलीया रस्त्याव. धुक्यात सावली पडती व्हय?"

सगळे पुढे झुकले. सावली होती. फिकट, पण कुत्र्याच्या पायांसकट होती. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला. पप्पा टीव्हीपाशी गेले, मान तिरकी केली, आणखी जवळ गेले, नाक काचेला लागेल इतके. "कुठंय सावली?" ते म्हणाले. सलूनवाला हसला. त्याला वाटलं पप्पा हट्टानं म्हणताहेत. मलाही तसंच वाटलं. आमच्यात म्हण आहे ना, पडलो तरी नाक वर, तशातला प्रकार वाटला आणि मला त्यांचा रागही आला आणि लाजही वाटली. मॅडम हळूच म्हणाल्या, "गोविंदराव, आपला नियम आहे, गोष्ट खरी हवी." पप्पांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले.

"आशू होती की माझ्याबरोबर. आशू, सांग गं ह्यांना."

नाही म्हणावं तर बाप सगळ्यांसमोर खोटा पडतो. गोंदाचं सांगावं तर तीन महिन्यांच्या टाळ्या खोट्या पडतात, आणि मी त्यांच्यासकट. मी म्हणाले, "होतं. दाट होतं." नानांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले. "आसंल बाबा," ते म्हणाले, "पोरगी म्हणती तर आसंल. मी म्हाताऱ्यानं कवाचं ऊन कवा धरलं आसंल." आणि त्यांनी कंडक्टरकडे भेळेची परात सरकवली.

घरी जाताना आम्ही कोथिंबीर घ्यायला मोठ्या रस्त्यानं गेलो. पप्पा खुशीत होते. थांब्यापाशी येऊन ते उभे राहिले, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आता बघ, एक वाजत आला तरी धुकं हटलं नाही. आणि नाना म्हणतो ऊन होतं. म्हातारा झाला बिचारा, नजर गेली त्याची."

मी बघितलं. लांबच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेली साडी दिसत होती, तिचा काठसुद्धा दिसत होता. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा एकेक मोजता येत होत्या. पायाशी पप्पांची सावली होती आणि माझी होती.  मी विचारलं, "पप्पा, त्या समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?" पाटी रस्त्यापलीकडे होती, अक्षरं हातभर मोठी. पप्पा हसले. "एवढ्या धुक्यात कसं दिसंल, येडे?"

घरी आल्यावर ते आंघोळीला गेले आणि मी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. आई परातीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मग माझ्या लक्षात आलं की हे तांदूळ पप्पांनी सकाळीच निवडून ठेवले होते.

"चार महिने झाले," आई म्हणाली. "ते आंघोळीला गेले की मी परत निवडते."

"मग बोलली कामून नाहीस?"

"काय बोलू लेकरा? ज्या नजरेवर घर उभं राहिलं त्या माणसाला सांगू, की तुम्हाला खडा दिसंना?" तिनं वाटीतले खडे माझ्यापुढे धरले. सात-आठ होते. मला रडू आलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की पप्पा खोटं बोललेच नव्हते. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं होतं. खोटं बोलले होते मी. आणि आई दर गुरुवारी, आवाज होऊ नये म्हणून खडे वाटीत न टाकता अलगद ठेवत, तेच करत होती.

 मग आईनं ते वाटीतले खडे पुन्हा तांदळात टाकले. मी "अगं" म्हणेपर्यंत तिनं तांदूळ धुवून गॅसवर ठेवलेही होते. जेवताना पहिला खडा लागला तेव्हा पप्पांनी तो बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा लागला. तिसरा लागल्यावर त्यांनी घास तसाच खाली ठेवला आणि विचारलं, "हे मीच निवडलेले ना?" आई म्हणाली, "तुम्हीच."  पप्पांनी तिन्ही खडे ओळीनं लावले, बोटानं चाचपले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आशू, मघाशी धुकं होतं का गं?"

"नाही पप्पा."

पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून आईसमोर ठेवले. कंपनीच्या ताकिदीची पत्रं होती. तिसरं आलं की तपासणीतून नाव जाणार होतं. "मी ट्यूबांना शिव्या देत होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरकडे जायच्या आधी एक गोष्ट केली, ती मला फार नंतर त्यांच्या बसमधल्या सोबत्याकडून कळली. त्यांनी आपला एकोणीस नंबरचा शिक्का साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मागच्या चार महिन्यांतले माझे ओके धरू नका. परत बघून घ्या." साहेबांनी त्यांना तिसरं पत्र दिलं नाही. पण शिक्काही परत दिला नाही. त्यांना स्टोअरला खोकी मोजायला बसवलं. आकुर्डीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साखरेमुळे लवकर आलाय, इतके दिवस कळलं कसं नाही? पप्पा म्हणाले, "हळूहळू आलं ना साहेब, मला वाटलं हवाच तशी आहे." ऑपरेशन होऊन पुन्हा परीक्षा घेतल्याशिवाय तपासणीची जागा मिळणार नव्हती, आणि मिळेलच असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत पप्पा घरात असे वावरायचे की जणू ते आमच्याकडे पाहुणे आलेत.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या आठवड्यात मात्र त्यांनी आमचा जीव नकोसा केला. भिंतीला जाळी दिसली, कपाटाला पोचे दिसले, माझ्या गालावरचा पुरळ दिसला, आईच्या कानापाशी पांढरे केस दिसले ते त्यांनी मोजून सांगितले. आई म्हणाली, "परत बांधा ती पट्टी." पण ती स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता हसत होती. त्या संध्याकाळी पप्पांनी फोन काढला, तो कुत्र्याचा फोटो उघडला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला हाक मारली.

"आशू, मला एक समजंना. धुकं माझ्या डोळ्यात होतं. मग ह्या फोटोत कसं आलं? फोनला कुठं मोतीबिंदू झाला होता?"

त्यांनी हे गमतीनं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. त्यांच्या मनात अजून एक आशा होती की नाना चुकले असतील, त्या दिवशी निदान थोडं तरी धुकं असेल, आणि मी खरं बोलले असेन. मी कपाटाचं दार उघडलं. ओळीनं लावलेल्या टिकल्यांत त्या आदल्या बुधवारची नारिंगी शोधली. तिचा मधला तुकडा फाटलेला होता, चंद्रकोरीएवढा. ती सोलून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. पप्पांनी ती ट्यूबखाली धरली, मान तिरकी केली, उजेड तिच्यावरून जाऊ दिला.

"सापडला," ते म्हणाले. मग विचारलं, "मुद्दाम?"

"आधी कंटाळा केला. मग मुद्दाम. लोक तुम्हाला वाहवा करत होते म्हणून."

"आणि नानाला होतं म्हणालीस ते?"

"तुम्ही खोटे पडला असता."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि सावकाश म्हणाले, "सतरा वर्षांत मी न बघता ओके कधी दिला नाही. मागच्या चार महिन्यांत दिले, पण मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं, आशू. खोटा ओके दिला की माल पुढे जातो गं. पुढे जाऊन तो कुणाच्या तरी माथी बसतो." मग म्हणाले, "सगळ्यांसमोर दिलास ना? मग सगळ्यांसमोर परत घ्यायचा."

पुढच्या गुरुवारी नानांच्या दिवाणखान्यात मी उभी राहिले. टीव्हीवर कुत्रं होतं.  गोंदाचं, टाळ्यांचं, शालीचं, सगळं सांगितलं. मॅडम खाली बघत होत्या. मला वाटलं, आता पप्पांना कुणी इथे बसूही देणार नाही. पहिल्यांदा बोलले ते नाना. म्हणाले, "म्हंजे माझी नजर बरुबर हुती की." आणि मग पप्पांना, "गोविंदराव, आता ह्या फोटूला गोष्ट हाय. माझ्या म्हशीला न्हाई." मॅडम म्हणाल्या, फोटो प्रदर्शनात जाईल, खाली हीच गोष्ट लिहायची. पप्पांनी ती मोठी प्रत मागून घेतली, खिशातून लाल मार्कर काढला आणि कुत्र्याच्या पोटाखालच्या सावलीभोवती एक गोल काढला, दरवाज्यावर काढत तसा, हात न उचलता. कोपऱ्यात एकोणीस लिहिलं. ओके लिहिलं नाही.

महिन्याभरानं कंपनीत त्यांची परीक्षा झाली. एका बॉनेटवर मुद्दाम केलेले बारा ओरखडे शोधायचे होते. पप्पांनी तेरा शोधले. तेरावा कुणालाच ठाऊक नव्हता. शिक्का परत मिळाला, आणि आईनं त्या दिवशी शेंगाच्या पोळ्या केल्या. पप्पांनी स्वच्छ भिंगानं त्याच कुत्र्याचा, त्याच डागावर, पुन्हा फोटो काढला. सगळं लख्ख, कुत्र्याच्या कानावरची माशीसुद्धा दिसत होती. नानांकडे तो लागला तेव्हा कुणी पुढे सरकलं नाही. पप्पांना तोच आवडायचा. खरा फोटो कुठला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आताही नीट कळत नाही.

आता पप्पा नाहीत, नाना नाहीत, थांब्याच्या जागी पूल आहे. पप्पांच्या तेव्हाच्या वयाला मी कधीच मागे टाकलंय. लाल गोलाची ती प्रत माझ्या घरात भिंतीवर आहे, आणि येणारे विचारतात तेव्हा मी गोलावर बोट ठेवून सावली दाखवते. परवा माझा मुलगा आपल्या मित्राला घेऊन आला होता. मी नेहमीसारखी उठले, गोष्ट सांगितली आणि बोट ठेवलं. मित्र बिचारा "हो, हो, दिसली" म्हणाला. मुलगा जवळ आला, त्यानं माझं बोट धरलं आणि हळूच दोन बोटं डावीकडे सरकवलं.

"आई," तो म्हणाला, "गोल इथं आहे."